कॅलिफोर्नियातून दुसऱ्या राज्यातल्या गिऱ्हाइकाच्या घरी वाइन पाठवायची तर कुठली लायसन्सं लागतात

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही दोघं मूळचे नाशिककडचे, आता कॅलिफोर्नियात लोडायजवळ एका मोठ्या वायनरीत द्राक्षं क्रश करून घेऊन स्वतःच्या लेबलखाली वर्षाला साधारण ५०० केस (१२ बाटल्यांचे खोके) वाइन काढता, २०२४ च्या सॅन होजेच्या बीएमएमच्या (बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या) अधिवेशनात बऱ्याच ओळखी झाल्या आणि आता न्यूजर्सी, टेक्सास, इलिनॉयची मंडळी विचारतायत की घरपोच पाठवाल का. तर पाठवता येतं का, लायसन्स कुठलं, आणि एकदा काढलं की सगळीकडे चालतं का.

पाठवता येतं. पण एकदा काढून सगळीकडे चालणारं लायसन्स अमेरिकेत नाहीच. मी वायनऱ्यांच्या कम्प्लायन्सचं, म्हणजे लायसन्स-कर-नियम सांभाळायचं काम करतो आणि नवीन लोकांना पहिली गोष्ट हीच सांगतो की बाटली कुठून निघाली यावर काही ठरत नाही, बाटली ज्या दारात पोचणार त्या राज्याचा कायदा लागतो. टेक्सासला पाठवायची तर टेक्सासचं परमिट, टेक्सासचा कर, टेक्सासचं रिटर्न. इलिनॉयला पाठवायची तर पुन्हा पहिल्यापासून सगळं.

नाशिकचे आहात म्हणजे हे तसं ओळखीचंच वाटेल, भारतातही दारू राज्यांच्या यादीत आहे, जीएसटीच्या बाहेर आहे, नाशिकची वाइन कर्नाटकात विकायची तर तिथल्या एक्साइजचं वेगळं रजिस्ट्रेशन, वेगळी फी. इथं तेच १९३३ पासून चालू आहे. दारूबंदी उठवणारी २१ वी घटनादुरुस्ती झाली तेव्हा तिच्या दुसऱ्या कलमात राज्यांना हा अधिकार दिला, आणि मग बहुतेक राज्यांनी तीन पायऱ्यांची व्यवस्था बसवली, म्हणजे बनवणारा होलसेलरला विकणार, होलसेलर दुकानदाराला, दुकानदार गिऱ्हाइकाला. वायनरीनं सरळ गिऱ्हाइकाला पाठवणं हा या व्यवस्थेतला अपवाद आहे, आणि अपवाद म्हणूनच राज्यं तो देतात, अटी घालून, हे डोक्यात ठेवलं की पुढचे सगळे किचकट नियम का आहेत ते कळायला लागतं.

हा अपवाद एवढा पसरला तो २००५ च्या ग्रॅनहोम विरुद्ध हील्ड या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळं. त्या वेळी मिशिगन स्वतःच्या वायनऱ्यांना घरपोच पाठवू द्यायचं पण बाहेरच्यांना नाही, आणि न्यूयॉर्क म्हणायचं की बाहेरच्यांनी आधी आमच्याकडे ऑफिस उघडा. व्हर्जिनियात छोटी वायनरी चालवणाऱ्या जुआनिता स्वीडनबर्ग या बाई न्यूयॉर्कच्या विरोधात कोर्टात गेल्या, इतरही होते, आणि पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला की राज्यातल्या वायनरीला परवानगी आणि बाहेरच्या वायनरीला बंदी असा भेदभाव चालणार नाही. मात्र कोर्टानं राज्यांना वायनऱ्यांसाठी दार उघडाच असं सांगितलं नाही, उघडलं तर सगळ्यांना उघडा, बंद केलं तर सगळ्यांना बंद करा एवढंच सांगितलं. त्यामुळं एकेक राज्य आपापल्या वेळेनं उघडत गेलं, न्यूजर्सी २०१२, मॅसॅच्युसेट्स २०१५, पेनसिल्व्हेनिया २०१६, ओक्लाहोमा २०१८, अलाबामा २०२१. मिसिसिपीनं तर २०२५ मध्ये कायदा केला. युटा अजून बंद आहे, तिकडं कुणी कितीही जवळचं असलं तरी पाठवू नका. आणि ऱ्होड आयलंडचं वेगळंच, गिऱ्हाईक स्वतः वायनरीत येऊन ऑर्डर देऊन गेलं असेल तरच त्याच्या घरी पाठवता येतं, फोनवर किंवा वेबसाइटवर घेतलेली ऑर्डर चालत नाही.

आता तुमच्या बाबतीतली खरी गोम. तुम्ही लिहिलंय "आमचं लायसन्स आहे", पण कुठलं ते लिहिलं नाहीत. सगळं त्याच्यावर अडलेलं आहे. दुसऱ्याच्या वायनरीत वाइन करून घेण्याचे दोन प्रकार असतात. एक म्हणजे अल्टरनेटिंग प्रोप्रायटर, यात जागा आणि टाक्या दुसऱ्याच्या असल्या तरी ठरलेल्या वेळेला ठरलेली जागा कायद्यानं तुमची वायनरी धरली जाते, तुमच्या नावानं टीटीबीचं (दारूचा कर आणि परमिटं बघणारं फेडरल खातं) प्रोड्युसरचं बेसिक परमिट असतं आणि कॅलिफोर्निया एबीसीचं (राज्याचं दारू खातं) टाइप ०२ म्हणजे वाइनग्रोअरचं लायसन्स असतं. दुसरा प्रकार साधा कस्टम क्रश, यात वाइन कायद्याच्या दृष्टीनं त्या मोठ्या वायनरीनं बनवली, तुम्ही त्यांचे गिऱ्हाईक, लेबल तुमचं, आणि तुमच्याकडे टीटीबीचं होलसेलरचं परमिट आणि एबीसीची टाइप १७ (होलसेल) आणि टाइप २० (किरकोळ विक्री) अशी जोडी असते.

कॅलिफोर्नियाच्या आत दोन्ही चालतात. सॅक्रामेंटो, फ्रीमाँट, सॅन डिएगो, कुठेही घरपोच पाठवा, वेगळं शिपिंग परमिट लागत नाही, सेल्स टॅक्स भरा, झालं. पण राज्याची हद्द ओलांडली की बहुतेक राज्यं परमिट देतात ते फक्त वाइन बनवणाऱ्याला, आणि १७-२० वाला त्यांच्या लेखी व्यापारी किंवा दुकानदार. बाहेरच्या दुकानदारांना दार उघडं ठेवणारी राज्यं मोजकीच आहेत. ग्रॅनहोमचा निकाल वायनऱ्यांसाठी होता, दुकानदारांनीही तोच न्याय मागून बघितला, पण २०२० मध्ये सहाव्या सर्किटच्या फेडरल अपील कोर्टानं बाहेरच्या दुकानांना बंदी घालणाऱ्या मिशिगनचीच बाजू उचलून धरली. २०१९ च्या टेनेसीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं दुकानाचं लायसन्स मागणाऱ्याला दोन वर्षं राज्यात राहण्याची अट होती ती काढून टाकली खरी, पण त्यातून बाहेरच्या दुकानांना शिपिंगचा हक्क आपोआप मिळाला नाही.

म्हणून आधी तुमचं एबीसीचं सर्टिफिकेट भिंतीवरून काढा आणि टाइपच्या पुढचा आकडा वाचा. ०२ असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. १७-२० असेल तर त्या मोठ्या वायनरीशी बोला, अल्टरनेटिंग प्रोप्रायटर म्हणून घेतात का विचारा. त्याला टीटीबीचा अर्ज लागतो, टीटीबी अर्जाची फी घेत नाही पण वेळ घेतं, महिन्यांचा हिशोब धरा, आणि जागेच्या नकाशापासून पैसा कुठून आला इथपर्यंत सगळे कागद मागतात. काही मोठ्या वायनऱ्या दुसरा रस्ता सुचवतात, की ऑर्डर तुम्ही घ्या, पाठवू आमच्या परमिटवर. हे काही ठिकाणी नीट बसवता येतं, पण तेव्हा विक्री कायद्यानं त्यांची असते, पैसे त्यांच्याकडे जायला हवेत, तुमचं नाव त्यांच्याकडे ट्रेड नेम म्हणून नोंदवलेलं हवं. नुसतं त्यांच्या परमिटचा नंबर वापरून तुमच्या खात्यात पैसे घेणं म्हणजे दोघांचीही लायसन्सं धोक्यात घालणं आहे, ते अजिबात करू नका.

लेबलचंही बघून घ्या. फक्त कॅलिफोर्नियात विकायची म्हणून काही छोटे लोक टीटीबीकडून लेबलला पूर्ण मंजुरी न घेता सूट घेतात, मग बाटलीवर "फक्त कॅलिफोर्नियात विक्रीसाठी" अशा अर्थाची ओळ छापावी लागते. ती बाटली बाहेर पाठवता येत नाही. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वाइनला कोला म्हणजे लेबलची फेडरल मंजुरी पाहिजेच, आणि कितीतरी राज्यं परमिटच्या अर्जाबरोबर त्याची कॉपी मागतात.

हे झालं की राज्यांची परमिटं. अर्जात साधारण सगळीकडे तेच मागतात: टीटीबीचं परमिट, एबीसीचं लायसन्स, मालकांची माहिती, त्या राज्याच्या महसूल खात्यात सेल्स टॅक्सची नोंदणी, काही ठिकाणी बॉण्ड. प्रत्येक अर्जात एक कलम असतं जे लोक न वाचता सही करतात, त्यात तुम्ही त्या राज्याच्या कायद्याचा आणि कोर्टाचा अधिकार मान्य करता. म्हणजे उद्या काही झालं तर "आम्ही तर कॅलिफोर्नियाचे" हे चालत नाही. आणि याच कलमामुळं सेल्स टॅक्सचा एक मोठा गैरसमज होतो. २०१८ च्या वेफेअर निकालानंतर (बाहेरच्या राज्यातल्या विक्रेत्याकडूनही सेल्स टॅक्स घेता येतो असं सांगणारा सुप्रीम कोर्टाचा निकाल) लोकांना माहीत झालंय की साउथ डकोटाच्या कायद्यात एक लाख डॉलर किंवा २०० व्यवहारांची मर्यादा होती, त्यामुळं छोट्या विक्रेत्याला वाटतं आपण त्याच्या खाली आहोत, आपल्याला टॅक्स नाही. वाइनला हे लागू धरू नका. बहुतेक राज्यांत परमिट घेतानाच तुम्ही पहिल्या बाटलीपासून टॅक्स भरायचं कबूल केलेलं असतं.

तुम्ही विचारलेल्या तीन राज्यांचं सांगतो. इलिनॉयमध्ये वायनरी शिपरचं लायसन्स लागतं, फी तुमच्या उत्पादनाच्या आकारावर असते त्यामुळं तुम्हाला खालचा टप्पा मिळेल, एका माणसाला वर्षाला १२ केसपर्यंत. न्यूजर्सीतही एका माणसाला वर्षाला १२ केस, आणि वर्षाला अडीच लाख गॅलनच्या वर वाइन काढणाऱ्या वायनरीला तिथं परमिटच मिळत नाही, तुमचे ५०० केस म्हणजे जेमतेम बाराशे गॅलन, तुम्हाला काळजी नाही. मॅसॅच्युसेट्सनं अशीच ३० हजार गॅलनची रेघ मारली होती, ती २०१० मध्ये फेडरल अपील कोर्टानं रद्द केली कारण त्यांच्या स्वतःच्या सगळ्या वायनऱ्या त्या रेघेच्या आत बसत होत्या, पण न्यूजर्सीची रेघ अजून आहे.

टेक्सासचं जरा सविस्तर सांगतो कारण तिथं मोजमाप गॅलनमध्ये आहे आणि लोक तिथंच अडखळतात. एका गिऱ्हाइकाला महिन्याला ९ गॅलन आणि बारा महिन्यांत ३६ गॅलन. ७५० मिलीच्या १२ बाटल्यांचा एक केस म्हणजे ९ लिटर, गॅलनमध्ये २.३८ च्या आसपास. म्हणजे महिन्याला ४५ बाटल्या, वर्षाला १८१. घरगुती गिऱ्हाइकाला हे भरपूर आहे, पण दिवाळीला भेट म्हणून वाटायला एखादा चार केस मागवतो तेव्हा ४८ बाटल्या होतात आणि मर्यादा ओलांडली जाते, अशा वेळी तीन केस या महिन्यात आणि एक पुढच्या महिन्यात असं करा.

कराचं बघा. समजा डॅलसच्या एकानं ३० डॉलरच्या १२ बाटल्या घेतल्या, ३६० डॉलर. सेल्स टॅक्स राज्याचा सव्वासहा टक्के आणि स्थानिक धरून जास्तीत जास्त सव्वाआठ, म्हणजे ३० डॉलरच्या आत. एक्साइज १४ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेल्या वाइनला गॅलनला २०.४ सेंट आणि त्याच्या वर ४०.८ सेंट. लोडायची झिनफँडेल आहे, १४ च्या वर सहज जाते, म्हणजे पूर्ण केसवर ९७ सेंट एक्साइज. एक डॉलरसुद्धा नाही. फेडरल एक्साइजही तुम्ही स्वतः प्रोड्युसर असाल तर असंच, १६ टक्क्यांपर्यंतच्या वाइनला गॅलनला १.०७ डॉलर, त्यात पहिल्या ३० हजार गॅलनना एक डॉलरची सूट, म्हणजे गॅलनला सात सेंट, तुमच्या अख्ख्या ५०० केसवर ८३ डॉलर.

म्हणून मी सांगतो की पैशाला घाबरू नका, रिटर्नना घाबरा. त्या ९७ सेंटसाठी वेगळं एक्साइज रिटर्न, ३० डॉलरसाठी वेगळं सेल्स टॅक्स रिटर्न, शिवाय कुणाला किती पाठवलं त्याचा रिपोर्ट, कुठे दर महिन्याला, कुठे तीन महिन्यांनी, कुठे वर्षातून एकदा, प्रत्येकाची तारीख वेगळी, वेबसाइट वेगळी. आणि काहीच पाठवलं नाही तरी निल रिटर्न भरावंच लागतं. छोट्या वायनऱ्यांची परमिटं गेलेली मी पाहिली आहेत ती बेकायदा काही केलं म्हणून नाही, उन्हाळ्यात शिपिंग बंद होतं, विक्री शून्य होती म्हणून रिटर्न भरलं नाही, नोटीस जुन्या पत्त्यावर गेली, आणि दिवाळीच्या ऑर्डरी पॅक करताना कळलं की परमिट रद्द झालंय. मेहनतीनं बनवलेली वाइन अशी गोदामात अडकून पडते तेव्हा फार वाईट वाटतं, कारण हे पूर्ण टाळता येण्यासारखं असतं.

बारीकसारीक पण डोक्याला ताप देणाऱ्या गोष्टी प्रत्येक राज्यात असतात. मिशिगनमध्ये मर्यादा पूर्ण वायनरीला आहे, सगळे मिळून वर्षाला १,५०० केस. न्यू हॅम्पशायरमध्ये सेल्स टॅक्स नाही म्हणून लोक खूश होतात, पण तिथं विक्रीच्या किमतीवर ८ टक्के फी राज्याला द्यायची असते. कोलोरॅडोनं जुलै २०२२ पासून गाडीनं घरपोच येणाऱ्या मालावर डिलिव्हरी फी लावली, २७ सेंटपासून सुरुवात झाली, पुढं छोट्या विक्रेत्यांना सूट दिली, तुम्ही त्यात बसता का बघून घ्या. टेनेसी आणि कॅन्ससमध्ये तर माल पॅक करून पाठवणाऱ्या गोदामालाही वेगळं लायसन्स लागतं, म्हणजे तुम्ही फुलफिलमेंट हाउस वापरणार असाल तर त्याचं लायसन्स आहे का हे तुम्हीच विचारायचं. हे सगळं बदलत असतं, त्यामुळं परमिट काढायच्या आठवड्यात त्या राज्याच्या दारू खात्याच्या आणि महसूल खात्याच्या वेबसाइटवरचा ताजा नियम वाचा, माझ्या किंवा कुणाच्याच जुन्या यादीवर विसंबू नका.

माझं स्पष्ट मत, पहिल्या वर्षी तीन-चार राज्यांच्या वर जाऊ नका. कॅलिफोर्निया आहेच, त्यात तुमची ओळखीची गिऱ्हाइकं जिथं खरोखर आहेत ती तीन राज्यं घ्या. एखाद्या राज्यात वर्षाला दोनच ऑर्डरी येणार असतील तर लायसन्सची फी आणि रिटर्न भरायचा वेळ धरून तो धंदा तोट्याचा होतो, त्या गिऱ्हाइकाला प्रेमानं नाही म्हणा. सोव्होस शिपकम्प्लायंट, अव्हालारा असली सॉफ्टवेअरं आहेत, ऑर्डर घेताना मर्यादा तपासतात, कर लावतात, रिटर्न तयार करतात, राज्यं वाढली की त्यांच्याशिवाय जमत नाही, पण तीन राज्यांसाठी एक नीट ठेवलेली एक्सेल शीट आणि कॅलेंडर पुरतं. शीटमध्ये प्रत्येक ऑर्डरला गिऱ्हाइकाचं नाव, जन्मतारीख, पूर्ण पत्ता, वाइन, अल्कोहोलचा टक्का, बाटल्या, लिटर, माल निघाल्याची तारीख, ट्रॅकिंग नंबर आणि घेतलेला कर एवढं पहिल्या दिवसापासून ठेवा.

पाठवायचं कसं, तर पोस्टानं अजिबात नाही, यूएस पोस्टाला दारू न्यायला १९०९ पासून बंदी आहे. यूपीएस किंवा फेडेक्स, तेही त्यांच्याशी अल्कोहोल शिपिंगचा लेखी करार करून, करार ते लायसन्सवाल्यांशीच करतात. साधा माणूस बाटली घेऊन कुरियरच्या दुकानात गेला तर ते घेत नाहीत. त्यांनी मान्य केलेला खोका लागतो, बाहेरून ठळक अक्षरात लिहायचं की आत अल्कोहोल आहे आणि २१ वर्षांच्या वरच्या माणसाची सही लागेल, आणि लेबल करताना अडल्ट सिग्नेचर हा पर्याय निवडावाच लागतो. काही ओळखीचे लोक सल्ला देतील की खोक्यावर ऑलिव्ह ऑइल लिहा आणि पाठवा, सगळे करतात. नका करू. अनेक राज्यांत कुरियर कंपन्यांना दारूच्या प्रत्येक पार्सलची यादी राज्याला द्यावी लागते, राज्य ती यादी तुमच्या रिटर्नशी ताडून बघतं, जुळलं नाही की पत्र येतं. शिवाय २००० साली काँग्रेसनं केलेल्या कायद्यानं राज्याच्या अॅटर्नी जनरलला बाहेरच्या वायनरीविरुद्ध सरळ फेडरल कोर्टात जाता येतं, आणि त्याची झळ तुमच्या कॅलिफोर्नियाच्या मूळ लायसन्सलाही लागू शकते.

आपल्या मंडळींमध्ये दोघंही नोकरीला, दिवसा घरी कुणी नसतं किंवा आई-वडील आलेले असतात. आई-वडिलांनी सही केली तरी चालते, पण त्यांच्याकडे आयडी हवं, पासपोर्ट वर कपाटात असेल तर डिलिव्हरीवाला थांबत नाही. दोन-तीन वेळा दार बंद मिळालं की पार्सल परत येतं, जातानाचं-येतानाचं भाडं तुमच्या डोक्यावर, आणि जुलैत डॅलसच्या गाडीत तीन दिवस तापलेली वाइन परत विकण्यासारखी राहत नाही. म्हणून ऑर्डर घेतानाच ऑफिसचा पत्ता मागा किंवा कुरियरच्या पिकअप काउंटरवर ठेवायला सांगा, आणि जून ते सप्टेंबर गरम राज्यांत पाठवूच नका.

शेवटचं, मंडळांचं, कारण गणपती-दिवाळीच्या आधी ही विचारणा तुम्हाला येणारच. ही सगळी परमिटं माणसाच्या स्वतःच्या वापरासाठी पाठवायला आहेत. न्यूजर्सीच्या एखाद्या मंडळानं दहा केस मागवून तिकीट लावलेल्या कार्यक्रमात ओतली तर ती पुनर्विक्री धरली जाईल, अध्यक्षांच्या घरच्या पत्त्यावर मागवली तरी. मंडळाला त्यांच्या राज्यात त्या कार्यक्रमापुरतं परमिट काढावं लागतं आणि वाइन तिथल्या लायसन्सवाल्याकडून घ्यावी लागते. तुमची वाइन तिथं हवीच असेल तर तिथला एखादा छोटा होलसेलर तुमचं लेबल नोंदवायला तयार आहे का हे पाच-सहा महिने आधी विचारायला लागा.